पान दोनशे सात

ताल्लिनहून निरोप आला तेव्हा मी
पार्नूच्या आरोग्यधामातल्या चादरींच्या घड्या घालत होते.
दोन टोकं माझ्याकडे, दोन हेल्यूकडे,
मधे वाफ, आणि फोनवर संपादक तोनिसचं
एवढंच वाक्य: घेतोय आम्ही.
हेल्यू म्हणाली, मारिका, टोक सोडू नकोस.

सात वर्षं. पहाटे चार ते सहा,
लाँड्रीच्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर.
आई विचारायची, लिहितेस की हिशेब करतेस?
मी म्हणायचे, दोन्ही.
एका प्रकाशकाने साभार परत केली,
दुसऱ्याने नुसतीच परत,
तिसऱ्याने तेही नाही.

तोनिसने कुत्रा काढायला सांगितला.
सोळावं प्रकरण अख्खं कुत्र्याचं.
छान झालंय, तो म्हणाला,
म्हणून तर सांगायला जड जातंय.
काढला.
पण पुढची कित्येक पानं कुणी ना कुणी
त्याच्यासाठी दार उघडं ठेवतच होतं.
ती दारं एकेक करून लावण्यात
माझा ऑक्टोबर गेला.

धाकटी बहीण विर्वे दर रविवारी जेवायला येते.
मी आहे का गं त्यात?
नाही. शपथ.
पहिल्या वेळी ती हुश्श म्हणाली.
नंतर नंतर गप्प राहायला लागली.
मग एका रविवारी बटाटे सोलले तिने,
इतक्या जाड साली काढल्या
की त्यांचंच दुसरं जेवण झालं असतं.

नोव्हेंबरात मुद्रितं आली.
तपासणाऱ्या बाईंना मी पाहिलेलं नाही,
त्यांनी मात्र माझा प्रत्येक स्वल्पविराम पाहिलाय.
समासात बारीक पेन्सिल:
पान एकशे बारा, नदी समुद्राकडे वाहते.
पान दोनशे सात, नदी गावाकडे वाहते.
कृपया एक काहीतरी ठरवा.

पन्नास वर्षं या नदीकाठी काढली
आणि मला छातीठोक सांगता येईना.
तशीच उठले. विर्वेही आली,
पिवळा कोट, एकच हातमोजा,
दुसरा बसमध्ये हरवलेला.
पुलावर उभं राहवत नव्हतं.
नैर्ऋत्येचा वारा आखाताचं पाणी
नदीच्या तोंडात कोंबत होता.
विर्वेने उरलेला हातमोजा खाली टाकला.
तो उलटा निघाला, नावांच्या मधून, सावकाश,
माहेरी निघाल्यासारखा.

दोन्ही खरं आहे, विर्वे म्हणाली,
कळव त्यांना तसं.

पण पानं जुळवून झाली होती.
जेवढं काढाल तेवढंच घाला,
नाहीतर शेवटापर्यंत सगळं सरकेल,
बाईंनी आधीच बजावलेलं.
म्हणजे एका ओळीची जागा.
मी एक सूर्यास्त खोडला.
(तसाही तो तिसरा होता.)
तिथे लिहिलं:
वारा नैर्ऋत्येचा. पिवळ्या कोटातल्या बाईने हातमोजा टाकला, तो वर गेला.

बस.
नाव नाही. ती बाई आधी कुठे नाही,
पुढेही कुठे नाही.

मार्चमध्ये पुस्तक येईल.
मला दहा प्रती मिळणार, एक तुझी,
असं म्हटलं तर विर्वे म्हणाली, फुकटचं नको.
वाचनालयातून आणीन मी, चार लोकांसारखी.
नाव नोंदवूनसुद्धा आली.
रांगेत सातवी.

म्हणजे तिच्याआधी सहा माणसं
तिला पुलावर बघतील,
किंवा जांभई देऊन पान उलटतील.
मी अजून काही बोललेले नाही.
हातमोजा पुढे कुठे गेला
ते त्या सहांना कळणार नाही,
आम्हालाही कळलं नाही.
थांबलो नव्हतो आम्ही,
थंडी फार होती.